सर्व्हर फुल झालाय, वर्गणी काढायचीय? मग हे आधी वाचा

मित्रामित्रांत चालू केलेला माइनक्राफ्टचा सर्व्हर ज्यांच्या हातातून मोठा होऊन गेलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवातीला वर्गातली पाच-दहा पोरं असतात, मग कुणाचा तरी परभणीचा मावसभाऊ येतो, तो त्याच्या लातूरच्या रूममेटला आणतो, पुण्यात जॉबला गेलेले जुने गडी रात्री नऊनंतर लॉगिन करायला लागतात, आणि मग रोज संध्याकाळी ग्रुपवर तेच ते, "दादा फुल दाखवूलालंय", "दादा लॅग लै येऊलालाय, मेल्यावर क्रीपर दिसूलालाय". मग कुणीतरी म्हणतंच, चला पट्टी काढू अन् मोठं मशीन घेऊ. काढा ना, पट्टी काढायला आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही, सप्ताह असो की गणपती. फक्त माझं म्हणणं असंय की जेवढं खरंच लागतंय तेवढंच मागा, तेवढं भरलं की मागणं बंद करा, आणि ज्यानं दिलं त्याला गेममध्ये एक कणभर पण जास्तीचं देऊ नका. बाकी सगळं ह्या तीन गोष्टी कशा जमवायच्या त्याचंच आहे.

आधी मोजा, मग मागा

"फुल" आणि "लॅग" ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पोरं एकाच दमात सांगतात म्हणून एक वाटतात. फुल म्हणजे सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलमधला मॅक्स-प्लेयर्सचा आकडा, तो कुणी हात लावला नसेल तर २० असतोय. तो ४० करायला एक रुपया लागत नाही. पण केला की लॅग वाढणार, म्हणून खरा प्रश्न लॅगचाच. आणि फुल दाखवत असेल तर आधी बघा आत किती जण खरंच खेळायलेत आणि किती जण आयर्न फार्मपाशी उभं राहून जेवायला गेलेत. अशा एएफके वाल्याला पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढणारं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं की बऱ्याच जागा तिथंच मोकळ्या होतात. शिव्या पडतील चार दिवस, पडू द्या.

आता लॅग. त्यात पण दोन जाती. एक पिंग, म्हणजे तुमच्या घरापासून मशीनपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, आणि दुसरा टीपीएस, म्हणजे सेकंदाला किती टिक. टिक म्हणजे सर्व्हरच्या कामाची एक फेरी. सर्व्हर सेकंदाला २० टिक चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलीसेकंद. सगळे मॉब म्हणजे प्राणी-राक्षस, सगळं रेडस्टोन म्हणजे गेममधली वायरिंग, पाणी, शेती, सगळं त्या ५० मिलीसेकंदात उरकलं तर २० चा टीपीएस, नाही उरकलं तर टीपीएस खाली. ब्लॉक फोडला तरी परत उगवतो, गाय जागच्या जागी सरकते, हे टीपीएस पडल्याचं लक्षण. आणि एकट्या हिंगोलीवाल्यालाच त्रास होतोय, बाकी सगळे मजेत आहेत, असं असेल तर त्याचं नेट बघायचं, त्याच्यासाठी पट्टी काढायची नाही.

हे डोळ्यानं नाही, आकड्यानं बघा. पेपर हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर १.२१ पासून स्पार्क नावाचं मोजायचं हत्यार त्यातच येतं, जुन्या व्हर्जनला प्लगइन म्हणून टाकायचं. त्याच्यात टीपीएस आणि एका टिकला किती मिलीसेकंद लागले ते दिसतं, शिवाय प्रोफायलर चालू करून दहा मिनिटांनी बंद केला की एक लिंक मिळते, त्या लिंकवर कुठल्या गोष्टीनं किती वेळ खाल्ला ते अख्खं उलगडून दिसतं. हे काम गर्दीच्या टायमाला करायचं, सात ते अकरामध्ये. दुपारी दोनला मोजून काय उपयोग, तेव्हा सगळेच २० वर असतात.

त्या लिंकमध्ये दहातल्या सात-आठ वेळा दोषी सापडतो तो असा: कुणीतरी अडीचशे हॉपरची, म्हणजे वस्तू आपोआप ओढून पेटीत टाकणाऱ्या ब्लॉकची, सॉर्टिंग सिस्टीम बांधलेली असते, कुणाचा तरी गावकऱ्यांचा ट्रेडिंग हॉल असतो, आणि कुणीतरी इलायट्रा, म्हणजे उडायचे पंख, घालून रोज नव्या दिशेनं उडत सुटलेला असतो. नवा चंक, म्हणजे दुनियेचा नवा चौकोनी तुकडा, तयार करणं हे सर्व्हरचं सगळ्यात जड काम. त्याला औषध फुकट आहे, वर्ल्ड बॉर्डर घाला आणि चंकी नावाचं प्लगइन रात्रभर चालवून बॉर्डरच्या आतली सगळी दुनिया आधीच तयार करून ठेवा. डिस्क जास्त लागते, एवढंच. हॉपरच्या वर कंपोस्टर ठेवला की तो हॉपर वर पडलेल्या वस्तू हुडकत बसत नाही, पोरांना हे सांगा, ज्यांनी बांधलंय त्यांनाच करू द्या, आपणहून कुणाचं तोडू नका.

आणि व्ह्यू-डिस्टन्स, म्हणजे खेळाडूला किती लांबचं दिसतं तो आकडा. हा १० असतोय डीफॉल्टला. १० म्हणजे तुमच्या चारी बाजूला दहा-दहा चंक आणि मधला एक, म्हणजे २१ गुणिले २१, एका खेळाडूमागं ४४१ चंक. तो ६ करा, १३ गुणिले १३, १६९. अर्ध्याच्या पण खाली. सिम्युलेशन-डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंत मॉब-शेती चालू राहते, हा वेगळा आकडा आहे, १.१८ पासून, तो ४ किंवा ५ वर आणला तर आणखी आराम. लांबचा डोंगर धूसर दिसतो, त्यानं कुणी मरत नाही.

हे सगळं करून एक आठवडा जाऊ द्या. पुष्कळ जणांची पट्टी इथंच रद्द होते, आणि ते चांगलंच आहे. नाही झाली, तर आता तुमच्याकडं दाखवायला आकडा आहे, की फुकटात जे होतं ते केलं, त्यानं इथपर्यंत आलो, पुढं मशीनच कमी पडतंय.

मशीन घेताना लोक कुठं फसतात

रॅममध्ये. कुणालाही विचारा, म्हणतो रॅम वाढव. होस्टिंगवाले पण रॅमवरच विकतात, चार जीबीचा प्लॅन, आठचा, सोळाचा. पण माइनक्राफ्टचं मुख्य काम जवळपास सगळं एकाच थ्रेडवर चालतंय. तवा एकच असला की थापणाऱ्या चौघी बसवल्या तरी भाकरी एकेकच निघणार, इथं तसंच आहे, आठ कोर घ्या नाहीतर सोळा, मेन थ्रेड एकाच कोरवर घाम गाळणार आणि बाकीचे निवांत. म्हणून कोर किती हे नका बघू, एक कोर किती फास्ट हे बघा. प्रोसेसरचं नाव विचारून घ्या, सिंगल थ्रेडचा स्कोअर नेटवर शोधा. जो होस्ट प्रोसेसरचं नावच सांगत नाही त्याच्याकडं पैसे द्यायचे नाहीत, विषय संपला. रॅम लागते, नाही असं नाही, पण गरजेच्या कितीतरी वर ढीग दिला तर ज्या जाव्हावर सर्व्हर चालतो त्याला मेमरीतला कचरा साफ करायला उलट जास्त वेळ लागू शकतो आणि मधेच एखादा झटका बसतो.

दुसरं, शेअर्ड आणि डेडिकेटेड. स्वस्त व्हीपीएसवर, म्हणजे एका मोठ्या मशीनच्या भाड्यानं दिलेल्या तुकड्यावर, तोच कोर शेजारचे पण वापरत असतात. टॉप कमांडमध्ये स्टील टाइमचा आकडा असतो, तो संध्याकाळी सतत वर दिसत असेल तर तुमचा सीपीयू शेजारी खायलाय, तुमचा सर्व्हर बिचारा निर्दोष आहे. अशा वेळी त्याच होस्टचा मोठा प्लॅन घेऊन फार फरक पडत नाही.

फोलिया म्हणून पेपरचंच एक रूप २०२३ मध्ये आलं, त्यात दुनियेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या थ्रेडवर चालतात. ऐकायला भारी आहे पण नेहमीची बरीच प्लगइनं त्यावर चालत नाहीत, आणि खेळाडू दूरदूर पसरलेले असले तरच फायदा. तीस-चाळीस जणांच्या सर्व्हरला त्या वाटेला जायची गरज नाही. त्यापेक्षा क्रिएटिव्ह आणि मिनीगेमवाल्यांना दुसऱ्या छोट्या सर्व्हरवर काढा आणि पुढं व्हेलॉसिटी प्रॉक्सी बसवा, ती खेळाडूला हव्या त्या सर्व्हरवर पाठवते, खेळाडूला पत्ता एकच दिसतो.

जागा. जर्मनीतलं मशीन स्वस्त पडतं हे खरंय, पण पिंग शंभरच्या बरंच वर जाणार, शेतीबिती करायला चालतं, पीव्हीपी म्हणजे आपसात लढाई करणारे मात्र रोज तोंड वाजवणार. भारतात मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा ठिकाणी क्लाउडवाल्यांची सेंटरं आहेत, अॅमेझॉनचं मुंबईचं २०१६ ला आलं आणि हैदराबादचं २०२२ ला. नांदेड-देगलूरवाल्यांना वाटतं हैदराबाद जवळ म्हणजे तिथलंच मशीन फास्ट. तसं नसतं. फायबरमध्ये प्रकाश एका मिलीसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो, म्हणजे नांदेड ते मुंबई पाचशे-सहाशे किलोमीटर धरलं तरी एका बाजूला जेमतेम तीन मिलीसेकंद. फरक अंतरानं पडत नाही, तुमच्या कंपनीची लाइन कुठून वळून जाते त्यानं पडतो, आणि ती हैदराबादला जायला आधी मुंबईला पण जाऊन येऊ शकते. तर वाद घालू नका, दोन्हीकडं तासाच्या भाड्यानं एकेक छोटं मशीन उघडा, बीड, जालना, उदगीर, जिथं जिथं तुमची पोरं आहेत तिथून पिंग मारायला लावा, आकडे ग्रुपवर टाका, मशीन डिलीट करा. काही रुपयांत काम होतं.

घरीच जुन्या पीसीवर चालवू, पट्टी कशाला, असं म्हणणारा पण एक असतोच. लाइट, इन्व्हर्टर, आणि बऱ्याच कनेक्शनला सीजीनॅट असतो, म्हणजे एकच आयपी पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला, त्यामुळं बाहेरून पोर्टच उघडत नाही. दहा जणांना चालेल. आपण दहाचं बोलत नाही.

गेमच्या मालकाला चालतंय का

हे आधी बघा, पैसे मागायच्या आधी, नंतर नाही. माइनक्राफ्टचं सोपं आहे, गेम बनवणाऱ्या मोजांगनं २०१४ मध्ये नियम स्पष्ट केले आणि ते अजून त्याच धर्तीवर आहेत: देणगी घ्या चालतंय, सगळ्यांना सारखीच एंट्री फी लावा चालतंय, दिसायच्या वस्तू विका चालतंय, पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करायचं नाही, आणि आपला सर्व्हर अधिकृत आहे असं भासवायचं नाही. लुआंटी, म्हणजे माइनक्राफ्टसारखंच जुनं माइनटेस्ट, ते तर मुक्त सॉफ्टवेअरच आहे, त्याला विचारायचं कुणाला.

पण ज्या गेमचा सर्व्हर कंपनी स्वतःच चालवते आणि तुम्ही त्याची कॉपी बसवलीय, तिथं पैसा आला की गोष्ट पार बदलते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा स्केपगेमिंग नावाचा खासगी सर्व्हर चालवणाऱ्या बाईवर २०१० मध्ये अमेरिकेत ८ कोटी ८० लाख डॉलरच्या वर भरपाईचा निकाल लागला, ती गेममधल्या वस्तू विकत होती. नॉस्टलरियस म्हणून त्याच गेमचा जुन्या व्हर्जनचा सर्व्हर होता, लै लोकप्रिय, तो २०१६ च्या एप्रिलमध्ये गेमची कंपनी ब्लिझार्डच्या नोटिशीनंतर बंद झाला. नंतर २०१९ ला कंपनीनंच क्लासिक काढला ती गोष्ट वेगळी, पण नॉस्टलरियसवाल्यांना त्याचा काय फायदा.

उलट एक चांगलं उदाहरण पण आहे आणि पट्टीच्या बाबतीत मी त्यांच्याकडूनच शिका म्हणेन. सिटी ऑफ हिरोज हा गेम कंपनीनं २०१२ मध्ये बंद केला. २०१९ ला चाहत्यांनी होमकमिंग नावानं सर्व्हर उभा केला, आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनी एनसीसॉफ्टनं त्यांना रीतसर लायसन दिलं. ते देणगीची खिडकी महिन्यातून एकदा उघडतात, त्या महिन्याचा खर्च भरला की खिडकी बंद, आणि खर्च कशाकशावर झाला ते सांगतात. उरलेले पैसे कुठं गेले असं विचारायची वेळच येत नाही, कारण उरतील इतके घेतच नाहीत.

किती मागायचं

आकडे समजून घ्यायला एक उदाहरण धरू, हे भाव माझ्या मनाचे आहेत, तुमचे तुम्ही काढा. समजा फास्ट कोरचं मशीन महिन्याला २००० ला पडतंय. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३६०, हा लोक हमखास विसरतात, वेबसाइटवर भाव बिनटॅक्सचाच लिहिलेला असतोय. २३६० झाले. बॅकअप ठेवायच्या जागेचे १४० धरा, कारण बॅकअपशिवाय लोकांच्या पैशावर सर्व्हर चालवणं हे पापच आहे. महिन्याचे २५००.

आता वर्षाचे ३०,००० मागू नका. आपल्या सर्व्हरवर गर्दी वर्षभर नसतेच. फेब्रुवारी-मार्चला दहावी-बारावीवाले गायब, लातूरला नीटच्या बॅचला बसलेल्यांचे मोबाइल तर त्याच्या आधीपासून आईच्या कपाटात. एप्रिलमध्ये शाळकरी पोरं मोकळी होतात, मे महिन्यात नीट झाली की ते पण येऊन पडतात, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की परत निम्मे. म्हणजे मोठं मशीन लागतं ते एप्रिल, मे, जून, तीन महिने, आणि दिवाळीचे पंधरा दिवस. दिवाळीचं तेव्हाचं तेव्हा बघा, आत्ता तीन महिन्यांचे ७५००, वर ५०० हाताशी, ८०००. बास.

८००० ला साठ खेळाडूंनी भागून प्रत्येकी १३४ असा हिशोब घालू नका, साठ जण कधीच देत नाहीत. देणारे नेहमी मूठभर असतात, कमावणारे पुण्या-हैदराबादचे चार-पाच जण हजार-हजार टाकतात आणि बाकीचं पन्नास-शंभरनं भरतं. म्हणून मागायच्या आधी त्या चार-पाच जणांना वेगळं विचारून घ्या, बाबा तू किती देशील. त्यांच्याकडून निम्मं तरी येणार नसेल तर आकडा छोटा करा, मशीन छोटं करा, नाहीतर दोनच महिन्यांचं घ्या. पट्टी जाहीर करून पंधरा दिवस अर्ध्यावर लटकलेली दिसण्यापेक्षा छोटी पट्टी दोन दिवसात भरलेली बरी.

आधीच्या मशीनचा खर्च आतापर्यंत तुम्ही खिशातून करत असाल तर तो पुढं पण तुम्हीच देणार की ह्या वर्गणीत धरणार, ते उघड लिहा. धरलात तरी कुणी काही म्हणत नाही. लपवून धरलात तर म्हणतात.

कधी मागायचं याला पण अक्कल लागते. आपल्या सर्व्हरवरची निम्मी लेकरं शेतकऱ्यांच्या घरची. मार्चमध्ये तूर-हरभऱ्याचा पैसा घरात आलेला असतो, जूनमध्ये बी-खताला जीव टांगणीला लागलेला असतो, त्या टायमाला गेमसाठी पैसे मागितले तर पोरगं पण मार खाणार आणि तुमचं नाव पण निघणार. जॉबवाल्यांना पगाराच्या आठवड्यात विचारा.

मेसेज असा टाका

लांबलचक भावनिक काही लिहू नका, सर्व्हर आपलं कुटुंब आहे वगैरे. साधं असं:

"सर्व्हरबद्दल. संध्याकाळी ७ ते ११ टीपीएस १३ वर येत होता. व्ह्यू डिस्टन्स, हॉपर, बॉर्डर हे सगळं करून १६ झाला, पुढं जाईना, रिपोर्टची लिंक खाली आहे. एप्रिल ते जून तीन महिने मुंबईचं फास्ट मशीन घ्यायचंय. मशीन टॅक्स धरून महिन्याला २३६०, बॅकअप १४०, तीन महिन्यांचे ७५००, हाताशी ५००, एकूण ८०००. २५ मार्चपर्यंत भरले तर घेणार, नाही भरले तर ज्याचे त्याला परत. ८००० झाले की क्यूआर काढून टाकतो, त्यानंतर पाठवू नका. दिलं नाही तरी कुणाला काही कमी नाही, दिलं म्हणून कुणाला काही जास्त नाही. १८ च्या आतल्यांनी घरी विचारल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही आणि विचारून पण ५० च्या वर नाही. हिशोबाची शीट पिन केलीय."

ह्यात "नाही भरले तर परत" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की पहिला माणूस पैसे टाकायला कचरतो, आणि पहिला कचरला की बाकीचे बघत बसतात. परत करायचे म्हणजे कुणाकडून किती आले ते पहिल्या दिवसापासून नीट लिहिलेलं पाहिजे, म्हणून रोख घेऊ नका, सगळं यूपीआयवरच. "भेटल्यावर देतो" वाल्याला सांगा, भेटल्यावर माझ्यासमोर स्कॅन कर.

पैसा हातात आल्यावर

मोठमोठे क्राउडफंडिंगचे प्लॅटफॉर्म ह्या कामाला नकोत, ८००० साठी कॅम्पेन पेज बनवणं म्हणजे नसता उद्योग. यूपीआय पुरे. पण ज्या यूपीआय आयडीत तुमचा मोबाइल नंबर आहे तो देऊ नका, बहुतेक अॅपमध्ये दुसरा आयडी बनवता येतो, तो बनवा. अनोळखी पोरं असतात सर्व्हरवर, नंबर गेला की रात्री दोनला "दादा मला अनबॅन करा" सुरू. जमलं तर ज्या खात्यात तुमचा पगार किंवा शिष्यवृत्ती येत नाही असं एखादं पडीक बचत खातं त्याला जोडा, म्हणजे वर्गणीचे पैसे आणि चहाचे पैसे मिसळत नाहीत.

पैसे घेणारा एक आणि हिशोब लिहिणारा दुसरा. दोघं सख्खे भाऊ किंवा रूममेट नकोत. शीट सगळ्यांना बघता यावी, बदलता येऊ नये. त्यात खऱ्या नावाऐवजी गेममधलं नाव, रक्कम, तारीख. ज्याला नाव नको त्याला "एक खेळाडू" लिहा. होस्टचं बिल आलं की पीडीएफ टाका, त्यावरचा पत्ता आणि नंबर झाकून. आमच्याकडं रकमा उतरत्या क्रमानं लावू नका असं ठरलंय, तारखेनंच लावायच्या, नाहीतर ती शीट श्रीमंतांची यादी होऊन बसते आणि ५० देणारा लाजतो.

क्यूआर फक्त अॅडमिनच टाकणार आणि तो एकाच ठिकाणी पिन राहणार हे ठणकावून सांगा. डिस्कॉर्डवर अॅडमिनसारखंच नाव आणि फोटो लावून दुसरा क्यूआर फिरवणारे असतात. आणि पैसे मिळवायला कधीच पिन टाकावा लागत नाही, रिफंडच्या वेळी हे पोरांना परत एकदा सांगा, तेव्हाच कुणीतरी गळाला लागतो.

१८ च्या आतल्या पोराच्या पप्पांचा फोन आला की वाद न घालता पैसे परत. पोरगं काही पण म्हणो. त्या पन्नास रुपयांसाठी एखाद्या बापाशी भांडून तुमचा सर्व्हर मोठा होणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५० हजारांच्या वर भेट म्हणून आलं तर ती सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, आपण तिथपर्यंत जातच नाही, पण दोन-तीन सर्व्हरचे पैसे एकाच्याच खात्यात घेत असाल तर लक्ष ठेवा. गेममध्ये ओळख झालेला परदेशातला कुणी डॉलर पाठवतो म्हणाला तर गोड बोलून नाही म्हणा, परदेशी पैशाला एफसीआरए, २०१० हा वेगळा कायदा आहे आणि ती भानगड आपल्याला झेपायची नाही. आणि वर्गणी गोळा करायला शंभर रुपये एंट्रीची पीव्हीपी स्पर्धा, जिंकणाऱ्याला हजार, असलं काही डोक्यात आणू नका. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आलाय. लकी ड्रॉ पण नको.

देणाऱ्याला काय द्यायचं

थँक्यू. आणि वाटलंच तर स्पॉनजवळ, म्हणजे नवा खेळाडू जिथं उतरतो तिथं, एक भिंत बांधा आणि त्यावर पाट्या लावा, गेममधल्या नावांच्या, सगळ्या एकाच आकाराच्या. डायमंड किट, फ्लाय कमांड, जास्तीची होम, हे काहीच नाही, नियमात पण बसत नाही आणि सर्व्हरची मजा पण मारतं.

लोक एक गोष्ट हळूच सुचवतात, की देणाऱ्याला रांगेत पुढं घ्या, सर्व्हर फुल असला तरी त्याला आत येता यावं. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण मग विचार करा, गर्दी कमी करायला तुम्ही पैसे मागितले आणि आता गर्दी आहे म्हणूनच तुम्हाला पैसे मिळायलेत, मग गर्दी कमी करायची घाई तुम्हाला का राहील? मी तरी हे कधीच करणार नाही.

मशीन बदलायचा दिवस

मधल्या वारी, सकाळी करा. रविवारी संध्याकाळी करणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही. डोमेन वापरत असाल तर आदल्या दिवशीच डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० वर आणा म्हणजे नवा आयपी पाच मिनिटांत पसरतो. सर्व्हर बंद न करताच एकदा आरसिंक ह्या फाइल कॉपी करायच्या कमांडनं सगळी दुनिया नव्या मशीनवर ओतून घ्या, मग सर्व्हर नीट थांबवा, परत आरसिंक मारा, ह्या वेळी फक्त बदललेलंच जातं म्हणून पटकन होतं. नव्यावर आधी व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ शकणाऱ्यांची यादी, लावून दोघा-तिघांना आत घ्या, पेट्या उघडून बघायला सांगा, मग सोडा सगळ्यांना. जुनं मशीन तीन-चार दिवस ठेवा, लगेच मारू नका.

पहिल्याच संध्याकाळी, गर्दीच्या टायमाला, परत स्पार्क लावा आणि आधीचा-नंतरचा दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी टाका. १९.८ आला तर भारी, १७ आला तर १७ टाका आणि का ते सांगा. लोकांनी टीपीएससाठी पैसे दिलेत, त्यांना तोच आकडा दिसला पाहिजे.

पेमेंटचं एक लक्षात ठेवा, आपल्या कार्डांवर परदेशी कंपन्यांचं महिन्याचं आपोआप कटणारं बिल २०२१ नंतरच्या ई-मँडेटच्या नियमांमुळं कधीकधी अडकतं, आणि अडकलं की होस्ट दोन मेल टाकून मशीन बंद करतो. सोय असेल तर तीन महिन्यांचं क्रेडिट आधीच भरून टाका. होस्टचा लॉगिन, डोमेन आणि सर्व्हरची रूट की अजून एका विश्वासाच्या माणसाकडं असू द्या, तुमची परीक्षा, ट्रेनिंग, घरचं लग्न, काही पण निघू शकतं.

आणि जून संपत आला की मशीन परत छोटं करायचंय, ते आत्ताच कॅलेंडरला लावा. त्यासाठी मोठं करतानाच एक काळजी घ्या: काही क्लाउडवर साइज वाढवताना फक्त सीपीयू-रॅम वाढवायची की डिस्क पण, असं विचारतात. फक्त सीपीयू-रॅम निवडा. डिस्क एकदा वाढवली की खाली येता येत नाही, मग छोट्या प्लॅनवर परतायला अख्खं मशीन नव्यानं उभं करावं लागतं. दिवाळीपुरतं वेगळं मशीन घेतलं असेल तर ते नुसतं शटडाउन करून सोडू नका, बऱ्याच ठिकाणी बंद मशीनचं पण बिल चालूच राहतं. दुनियेचा बॅकअप उतरवून घ्या, तो उघडतोय का ते घरच्या पीसीवर बघा, आणि मग मशीन डिलीट करा. ५०० मधले जे उरले असतील ते शीटमध्ये पुढच्या खात्यावर ओढा, आणि पुढच्या वेळी मागताना तेवढे कमी मागा.